हाताला लागणारा आवाज

वैशाखात कॉम्प्युटरची डिस्क बदलून घेतली आणि त्याच संध्याकाळपासून मागच्या खोलीत वारा सुटला. खिडकी बंद, कूलर बंद, डोक्यावरचा पंखा बंद, तरी वारा. टेबलावरच्या मशीनच्या पाठीतून एकसुरी झोत निघत होता. चढत नव्हता, उतरत नव्हता, दम घेत नव्हता. शेजारचं कुणी नळ उघडा टाकून गावाला निघून जावं, तसा.

दुसऱ्या कुणी त्याकडे दुर्लक्ष केलं असतं. मला ते जमण्यासारखं नव्हतं, कारण या खोलीतलं माझं सगळं काम आवाजाचं आहे. गेली सहा वर्षं मी दृष्टिहीन श्रोत्यांसाठी मराठी पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करते. इंदूरला लोकमान्य नगरात आमचं घर आहे. त्याच्या मागच्या खोलीत भिंतींना जुन्या गोधड्या टांगल्या आहेत, टेबलावर एक चांगल्यापैकी माइक आहे आणि त्याच्यासमोर हा २०११ सालचा ऑल-इन-वन कॉम्प्युटर. पडद्यामागेच सगळं पोटात घेतलेला, वेगळा डबा नसलेला. उन्हाळ्यात रेकॉर्डिंग म्हणजे परीक्षाच असते. कूलर चालू ठेवला की माइक तो पकडतो, म्हणून तो बंद. मग पंधरा-वीस मिनिटं वाचायचं, घाम पुसायचा, कूलर लावून थोडं बसायचं, पुन्हा वाचायचं. त्यातल्या त्यात माळव्याची रात्र दयाळू. दहानंतर हवा उतरते, रस्ता शांत होतो. माझी बहुतेक पुस्तकं रात्री दहा ते बारा या दोन तासांतच वाचून झाली आहेत.

डिस्क बदलली ती नाइलाजाने. आतली जुनी हार्ड डिस्क एक टीबीची होती, मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी. तिच्यात फिरत्या तबकड्या असतात आणि त्यांच्यावरून एक बारीक हात मागेपुढे करत हवी ती जागा शोधतो. प्रत्येक शोधाला सेकंदाचा शंभरावा हिस्सा लागतो. वाचायला हे काहीच वाटत नाही, पण कॉम्प्युटर सुरू होताना असे शोध हजारोंनी लागतात, आणि तेरा-चौदा वर्षं राबलेल्या डिस्कला तर एकेक जागा दोन-दोनदा चाचपावी लागत होती. तासाभराच्या रेकॉर्डिंगची फाइल उघडायला टाकून मी भाजी निवडून यायची. नवी डिस्क एसएसडी जातीची. तिच्यात फिरणारं काही नसतंच. सगळा साठा चिपांवर, शोधायला हात नाही, म्हणून ती जवळपास शंभरपट लवकर उत्तर देते. वीजही कमी खाते आणि तापतेही कमी.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. नवी डिस्क जुनीपेक्षा गार होती. मग पंखा का ओरडायला लागला?

जेल रोडवरच्या एका दुकानातल्या तंत्रज्ञाने ती बसवली. पंचविशीतला, हात स्वच्छ, बोलणं अदबीचं. या मशीनची पुढची काच चुंबकांनी धरलेली असते. सक्शन कप लावून ती त्याने अलगद उचलली, मग चांदणीच्या आकाराचे बारीक स्क्रू काढून पडदा तिरका केला. आत वर्षानुवर्षांची राखी धूळ बसलेली होती. साडेतीन इंची जुन्या डिस्कच्या जागी अडीच इंची नवी बसवायला त्याने एक धातूची चौकट लावली. अर्ध्या तासात काम झालं. मशीन वीस सेकंदांत सुरू झालं, मी दोन्ही हात जोडले आणि रिक्षाने ते घरी आणलं. दुकानाच्या गजबजाटात पंख्याचा आवाज कुणाला येणार? जेल रोडवर मनातलं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही.

रात्री माइक लावला आणि चालू रेकॉर्डिंगच्या पट्टीवर, मी गप्प बसलेली असतानाही, जाडजूड करवतीसारखी रेघ उमटत राहिली. पूर्वी तिथे जवळजवळ सपाट रेघ असायची.

पंख्याच्या आवाजाचं गणित नंतर नीट वाचलं तेव्हा त्या करवतीचा अर्थ कळला. पंख्याचा वेग दुप्पट केला की त्याने ढकललेली हवाही दुप्पट होते, पण त्याला लागणारी ताकद आठपट होते आणि आवाज सुमारे पंधरा डेसिबलने चढतो. दहा डेसिबल चढले की आपल्या कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो. आणि माझ्या मशीनमधला एक पंखा, जो पूर्वी मिनिटाला हजार-अकराशे फेरे घेत गुपचूप बसायचा, तो आता पाच हजारांच्या वर पळत होता.

पहिल्यांदा मी सगळेच करतात तो उपाय केला. आवाज रेकॉर्ड होऊ दिला आणि नंतर सॉफ्टवेअरने काढून टाकला. यात नुसत्या पंख्याचा एक तुकडा सॉफ्टवेअरला ऐकवायचा आणि सांगायचं, एवढा सगळीकडून वजा कर. एका बालकथेचं पान होतं. "सशाने सावकाश शेपूट हलवलं", असं त्यात वाक्य होतं. वजाबाकी केली, हेडफोन लावले. पंखा गेला होता. पण त्याच्याबरोबर सशाचा स गेला होता, सावकाशचा श गेला होता, शेपटाचं टोक गेलं होतं. उरलं होतं ते पाण्याखालून आल्यासारखं काहीतरी. वाऱ्याचा आवाज आणि स-श-च यांचा आवाज हे एकाच घराण्यातले. दोन्ही म्हणजे फटीतून निसटणारी हवा. एक काढायला गेलं की दुसराही सोलून निघतो.

हेडफोन काढून ठेवले आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. कारण ही भाषा मला ओळखीची होती. अण्णांना जग असंच ऐकू येतं.

माझे वडील, अण्णा, एक्याऐंशी वर्षांचे आहेत. आई गेल्यापासून माझ्याकडेच असतात. इंदूर एकेकाळी कापडाचं शहर होतं. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, भंडारी ही नावं आता वस्त्यांच्या, चौकांच्या पत्त्यांत उरली आहेत आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झाँक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात त्यांच्या पाट्यांवर. त्यांतल्या एका मिलमध्ये अण्णा साचेखात्यात जॉबर होते. साचा म्हणजे माग, जॉबर म्हणजे त्यांवरच्या कामगारांचा मुकादम. शेकडो साचे एका छपराखाली, प्रत्येकाचा आडवा धागा नेणारा धोटा मिनिटाला शंभर-दीडशे वेळा या टोकाहून त्या टोकाला आपटणार. तिथे कानात बोललेलंही कळत नाही, म्हणून माणसं ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलायची. अशा आवाजात वर्षं काढली की कान सगळा एकदम जात नाही. आधी वरची पट्टी जाते, चार हजार हर्ट्झच्या आसपासची. कानाच्या डॉक्टरांनी काढलेल्या अण्णांच्या आलेखात तिथे खोल विहिरीसारखा खड्डा आहे. ढोल ऐकू येतो, पावलं ऐकू येतात, माझं त्यांना हाक मारणं ऐकू येतं, पण साखर आणि भाकर यांतला फरक ते माझ्या ओठांवरून ओळखतात. नातवाने फोनवर "शाळेला सुट्टी" म्हटलं तर त्यांच्यापर्यंत फक्त स्वर पोचतात, व्यंजनं वाटेत गळतात.

आणि मी ज्यांच्यासाठी वाचते त्यांना तर माझे ओठ दिसत नाहीत. त्यांच्यापर्यंत जे जायचं ते कानावाटेच जाणार. त्यांना स नसलेला ससा पाठवायचा नाही, हे त्या रात्री पक्कं ठरवलं आणि सात पानं पुसून टाकली.

दुकानात तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला त्याने धूळ काढली. मन लावून काढली हे मी पाहिलं आहे, मऊ ब्रशने एकेक पातं पुसलं त्याने. आवाज जसाच्या तसा. दुसऱ्या खेपेला वीज काढून पंधरा सेकंद थांबून पुन्हा लावण्याचा उपाय झाला. पंख्यांचा कारभार बघणारी एक छोटी चिप मदरबोर्डवर असते, तिची स्मृती त्याने कोरी होते. तेही झालं. मग तो म्हणाला, "दीदी, पुरानी मशीन है, थोड़ी आवाज़ तो करेगी." पण कालपर्यंत करत नव्हती ना! जुनी तर ती कालही होती. हे मी त्याला म्हटलं, आणि त्यालाही ते खटकलं असावं, कारण तिसऱ्या खेपेला त्याने पंख्यांवर हुकूम चालवणारं एक छोटं सॉफ्टवेअर टाकलं, तिन्ही पंख्यांना एकच आकडा बांधून दिला, १,१००. त्यापुढे जायचं नाही.

आणि शांतता झाली. मी त्याचे हातात हात घेऊन आभार मानले. हे मुद्दाम लिहिते, कारण त्या शांततेवर माझाही तितकाच विश्वास बसला होता.

तीन दिवस उत्तम गेले. चौथ्या दिवशी दुपारी, बाहेर बेचाळीसचं ऊन असताना, मी एक अख्खं पुस्तक श्रोत्यांच्या यंत्रावर चालेल अशा रूपात बदलायला लावलं. त्या कामात प्रोसेसर पूर्ण ताकदीने राबतो. मी स्वयंपाकघरात होते. अण्णा त्या खोलीत पेपर वाचत बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली, "अगं, हे तापलंय गं. तव्यासारखं."

मशीनच्या पाठीवर हात ठेववत नव्हता. पडदा गोठलेला. काही करायच्या आत ते आपोआप बंद पडलं. प्रोसेसर हद्दीबाहेर तापला की स्वतःला वाचवायला असं करतो. पंखे १,१०० वर बांधलेले होते, ते इमानाने तेवढेच फिरत राहिले.

गार झाल्यावर अण्णांसमोर मी ते पुन्हा सुरू केलं. बांधलेला आकडा काढून टाकला, आणि वारा परत सुटला. अण्णांना तो ऐकू आला नाही. पण मशीनच्या मागे पडलेल्या पेपरचं कोपरं फडफडायला लागलं, ते त्यांनी पाहिलं.

"एवढा वारा कशाला मारतंय? आता तर गार आहे."

मी म्हटलं, "हेच तर कळत नाहीये अण्णा. पंखा खराब झालाय बहुतेक."

त्यांनी उत्तर दिलं नाही. उठून खुर्ची ओढली, मशीनच्या पाठीला तळवा लावला. सबंध पाठीवरून तळवा फिरवला, मग फक्त बोटांची टोकं. मग म्हणाले, "पेचकस आण. मोठा." मी मोठा स्क्रू-ड्रायव्हर आणला. त्यांनी त्याचं पातं मागच्या जाळीजवळच्या धातूवर हलकेच टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडावर धरली. डोळे मिटले. हे मी लहानपणी पाटणीपुऱ्याच्या घरी पाहिलं होतं. शेजाऱ्यांच्या पाण्याच्या मोटरीवर, कुणाच्या शिलाई मशीनवर, एकदा तर आमच्या टेबलफॅनवर. मिस्त्री लोकांचा हा स्टेथोस्कोप. वरच्या पट्टीचं अण्णांचं जग गेलं आहे, पण खालची धडधड, घरघर हाडातून त्यांच्यापर्यंत अजून पोचते.

"बेअरिंग नाही," ते म्हणाले. "बेअरिंग गेलं की आत खडे फिरल्यासारखं लागतं. सुरुवातीला जास्त, तेल तापलं की कमी. घासतही नाहीये कुठे. घासणारा पंखा दर फेऱ्याला एकदा ठोका देतो. हा गुळगुळीत चाललाय. हा पंखा नवा असल्यासारखा चाललाय." पेचकस खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "याला कुणीतरी पळायला सांगतंय. पंख्याला नको विचारू. सांगणाऱ्याला विचार."

तीन खेपांत जो प्रश्न आम्हा दोघांनाही सुचला नव्हता तो हा. आम्ही पंख्याकडे आवाज करणारी वस्तू म्हणून पाहत होतो. अण्णांनी त्याच्याकडे हुकूम पाळणारा कामगार म्हणून पाहिलं.

मग मी ते सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं, या वेळी हुकूम द्यायला नाही, वाचायला. त्यात डाव्या बाजूला तीन पंखे होते आणि उजव्या बाजूला मशीनमधल्या सगळ्या तापमापकांची यादी. प्रोसेसर ४८. ग्राफिक्स ५१. आत येणारी हवा ३३. विजेचा पुरवठा ५६. आणि त्यांच्यामध्ये एक ओळ, हार्ड डिस्क, आणि तिच्यापुढे काहीच नाही. शून्यही नाही. एक आडवी रेघ. आणि पळणारा पंखा तिन्हींपैकी नेमका डिस्कजवळचाच.

ती आडवी रेघ मी अण्णांना बोटाने दाखवली. ते चष्मा वर करून जवळ वाकले.

"म्हणजे ड्रॉपर पडलाय," ते म्हणाले.

ड्रॉपर म्हणजे काय ते मला लहानपणापासून माहीत आहे, पण त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि मी मध्ये बोलले नाही. ऑटोमॅटिक साच्यावर ताण्याचे हजारो उभे धागे असतात. प्रत्येक धाग्यावर पोलादाची एक पातळ पट्टी अडकवलेली असते, ती धाग्याच्या ताणाने वर तोलून धरलेली. धागा तुटला की पट्टी खाली पडते, पडली की खालच्या सळईला टेकून वीज जोडली जाते आणि साचा थांबतो. सुंदर व्यवस्था आहे. तुटलेला धागा शोधायला कुणाला डोळे लावून बसावं लागत नाही. धागा आहे तोवरच साचा चालेल, अशी रचनाच केलेली. खबर येणं थांबलं की साचा वाईटच गृहीत धरतो.

"तुझ्या मशीनला डिस्कचा ताप कळत नाहीये," अण्णा म्हणाले. "कळत नाही म्हणून ते समजतंय की पेटलीच असेल. साच्याला थांबायला सांगितलंय, याला पळायला. गोष्ट एकच."

मी विचारलं, "आणि त्या मुलाने पंखा बांधून ठेवला होता, ते?"

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की, रात्रपाळीला काही जण ड्रॉपर दोऱ्याने बांधून टाकायचे. पट्टी पडायचीच नाही, साचा थांबायचाच नाही, विणलेल्या कापडाच्या वारावर पैसे मिळायचे. सकाळी कापड तपासायला गेलं की त्यात वरपासून खालपर्यंत उभी रेघ. पन्नास-पन्नास वार वाया. "मी कधी कुणाचं नाव वर कळवलं नाही," ते म्हणाले, "पण बांधलेला ड्रॉपर दिसला की मी स्वतः कापायचो. रागावायचे माझ्यावर. पोरंबाळं होती त्यांना. मला कळायचं ते. तरी कापायचो."

पुढचे काही दिवस मी वाचन केलं, आणि जे समजलं ते असं. जुन्या डिस्कच्या आत स्वतःचं तापमान मोजण्याची सोय असतेच. नव्या एसएसडीतही असते. डिस्क आपल्या तब्येतीची जी नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात, तिच्यात तापमानाचा रकाना सहसा १९४ क्रमांकाचा. म्हणजे माझी नवी डिस्क मुकी नव्हती, ती आपला ताप सांगत होती. पण मशीनमधली पंख्यांची चिप त्या वाटेने ऐकतच नव्हती. या मशीनच्या कंपनीने त्याआधीच्या काही मॉडेलांत साधा उपाय केला होता. डिस्कच्या अंगावर बाहेरून एक तापमापक चिकटवलेला असे. डिस्क बदलली की तो काढून नवीवर चिकटवायचा, संपलं. नंतर डिस्कच्या कडेच्या पिनांमध्ये घुसणारी वेगळी वायर आली, तीही डिस्क कोणत्या कंपनीची त्यानुसार वेगळी. आणि माझ्या २०११ च्या मॉडेलात विजेच्या जोडणीतच नेहमीपेक्षा जास्त तारा घातल्या गेल्या आणि डिस्कमध्ये खास त्या कंपनीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम. त्या तारेवर ताप बोलून दाखवायला डिस्कला ती बोली यावी लागते. बाजारातल्या कुठल्याही चांगल्या डिस्कला ती येत नाही.

पहिल्या निम्म्या रचनेबद्दल मला आदर आहे. खबर नसेल तर सावध राहा, हे बरोबरच आहे. गाडीच्या इंजिनाचा तापमापक गेला तर रेडिएटरचा पंखा सतत चालू राहतो, तो याच न्यायाने. पण दुसरी निम्मी मला पटत नाही. चिकटवायचा सेन्सर होता तेव्हा गल्लीतला कुणीही मिस्त्री हे काम करू शकत होता. तो काढून खासगी बोली आणली, त्याने मशीन जास्त सुरक्षित झालं नाही, फक्त परक्या हातांना परकं झालं. जेल रोडच्या त्या मुलाचं चुकलं ते इतकंच की त्याने घाई केली. बाकी त्याला हे कळावं अशी व्यवस्थाच केलेली नव्हती. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, तेव्हा मी बातमी वाचून पान उलटलं होतं. आता वाटतं, जी वस्तू आपण पैसे मोजून घरी आणली तिची नाडी कुठे लागते हे तिच्याबरोबरच्या कागदावर छापलेलं असायला हवं.

उपाय तीन होते. एक म्हणजे तापमापकाच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाकायच्या, म्हणजे चिपला वाटतं डिस्क कायम गार आहे आणि पंखा कायम हळू फिरतो. एसएसडीला हे बहुधा चालून जातं, पुष्कळ लोक करतात. माझ्या घरात हे करणं शक्य नव्हतं. अण्णांना काय सांगणार होते? दुसरा उपाय म्हणजे सॉफ्टवेअरला आकडा बांधून न देता नियम द्यायचा की, १९४ चा रकाना वाच, ४० पर्यंत हळू, ५५ ला पूर्ण वेग, मधलं त्या प्रमाणात. तिसऱ्या उपायाची केबल येईपर्यंतचे तीन आठवडे मी असंच चालवलं आणि ते छान चाललं. त्याला एकच उणेपण. मशीन सुरू होऊन सॉफ्टवेअर जागं होईपर्यंत पंखा पळत राहतो, आणि उद्या सॉफ्टवेअर बिघडलं तर पुन्हा तेच. तिसरा उपाय म्हणजे एक छोटी केबल. जुन्या विजेच्या जोडणीच्या मध्ये ती बसते आणि तिच्यातून एक शेपूट निघतं, शेपटाच्या टोकाला मुगाच्या दाण्याएवढा तापमापक. तो डिस्कच्या पत्र्यावर चिकटवायचा. डिस्कला खासगी बोली येत नसेल तर तिच्या वतीने बोलणारा दुभाषा. मी तिची ऑर्डर दिली. बाहेरून यायची होती, आली.

त्या मुलाला फोन केला, तो रविवारी सकाळी घरी आला. पोहे खाल्ले, जलेबीला नाही म्हणाला नाही. जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून त्याने मशीन पालथं घातलं, काच काढली, पडदा तिरका केला. अण्णा टॉर्च धरून उभे. मुलगा अण्णांना दादाजी म्हणत होता आणि दर पायरीला काय करतोय ते त्यांच्या तोंडाकडे बघून, हळू, ओठ उघडून सांगत होता. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. अण्णांनी त्याला विचारलं, दाणा कुठे चिकटवणार? त्याने पत्र्याची कड दाखवली. अण्णांनी मान हलवली. चिपा जिथे असतील तिथे. कडेला थंडच लागेल, मधला तापलेला कळणार नाही. मग त्याने फोनवर त्या डिस्कचं पोट उघडलेलं चित्र शोधलं. आतली पट्टी निम्म्याच लांबीची निघाली, पिनांच्या बाजूला, बाकीचा डबा पोकळ. दाणा त्या निम्म्या भागाच्या मधोमध, पिवळ्या उष्णतारोधक टेपने बसला. टेपवरून अण्णांनी अंगठा दोनदा दाबून फिरवला, पाकिटावर तिकीट चिकटवावं तसा.

मशीन उभं केलं, बटण दाबलं. पंखा क्षणभर फुरफुरला आणि खाली बसला. मी सगळ्यात आधी ते सॉफ्टवेअर उघडून आडव्या रेघेची ओळ पाहिली. तिथे ३६ होतं. मग ३७ झालं, मग बराच वेळ ३७. मुलाने त्या आकड्याचा फोटो काढला. म्हणाला, दुकानात असंच एक मशीन महिनाभर पडून आहे, मालक घेऊन जातच नाही, आवाज जात नाही म्हणून. केबल कुठून मागवली ते मी त्याला लिहून दिलं.

त्याच रात्री मी ती सात पानं पुन्हा वाचली. कूलर बंद, पंखा बंद. पट्टीवर मी थांबले की रेघ सपाट, बोलले की उठते. सशापाशी आले तेव्हा मुद्दाम थोडी हळू गेले. हेडफोन लावून ऐकलं. स होता, श होता, शेपटाचं टोक होतं. दोन वाक्यांच्या मध्ये अगदी बारीक, गोधड्यांच्या पलीकडून, एक पाल चुकचुकली होती. तीही तशीच राहू दिली.

अण्णा दारात उभे होते. झोप आली नव्हती त्यांना.

"झालं का बंद?" त्यांनी विचारलं.

बंद नाही झालेला, चालूच आहे, फक्त हळू, हे मला सांगायचं होतं. पण रात्र होती, दिवा मंद होता, माझे ओठ त्यांना नीट दिसले नसते. मी उठले, त्यांचा हात धरून आणला आणि तळवा मशीनच्या पाठीवर ठेवला.

ते उभे राहिले तसेच. बोटं थोडी फाकवली, पुन्हा जुळवली.

"आहे," ते म्हणाले. "चालू आहे."